आठ पट्ट्यांचा सूर्य

“पुढे या, पुढे या! पण सावली पाडू नका. सूर्य आणि यंत्र यांच्यामध्ये जो येईल, त्याचं त्यानं बघावं!”

हे ऐकल्यावर पुढे कोण येणार? पण लोक येत होते. आमच्या इमारतीमागचं अंगण रविवारच्या सकाळच्या उन्हात गच्च भरलं होतं. बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या, पुरुष भिंतीला टेकले होते, आणि ज्यांना जागा मिळाली नव्हती त्यांनी जिन्याच्या खिडक्यांतून मुंड्या बाहेर काढल्या होत्या. एरवी पाण्याची टाकी धुवायला चार माणसं बोलावली, तर दोघांची कंबर धरते आणि दोघांना बाहेरगावी जायचं असतं. त्या दिवशी सगळे धडधाकट होते आणि सगळे घरी होते.

मधोमध खुर्चीवर, दोन आठवड्यांपासून आमच्याकडे बैठका घेणारे तेजोगुरू बसले होते. पांढरा सदरा, पांढरी विजार, पांढरे बूट. हातात पितळेची एक पेटी, दाढीच्या डब्याएवढी. पेटीला समोर एक काच होती आणि काचेमागे एक चिमुकला सूर्य आणि त्याच्याशेजारी आठ पट्ट्या दिसत होत्या. पेटीच्या माथ्यावर एक काळसर टोक बाहेर आलं होतं. त्याला ते ‘यंत्राचं कपाळ’ म्हणत.

“बल्ब उडतो,” तेजोगुरू सांगत होते. “ट्यूब लुकलुकते. मेणबत्तीवर फुंकर मारली की गेली. सूर्य कधी गेला का?”

“रोज संध्याकाळी जातो,” माझी भाची माझ्या कानाशी म्हणाली. तिची कुजबुज दुसऱ्यांच्या साध्या बोलण्याएवढी असते. दोन-तीन बायका खुदकन हसल्या. तेजोगुरूंनी मान वळवून एकवार तिच्याकडे पाहिलं आणि ते गोड हसले. ते हसू मला आवडलं नव्हतं; पण मला बऱ्याच गोष्टी आवडत नाहीत, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

इमारतीचे अध्यक्ष पहिले बसले. तेजोगुरूंनी खिशातून रुमाल काढून यंत्राचं कपाळ हळुवार पुसलं, मंत्रासारखं काही पुटपुटले आणि पेटी त्यांच्या ओंजळीत दिली. एक पट्टी उजळली, दुसरी, तिसरी... आठही पट्ट्या भरल्या. अंगणात ‘आहाहा’ झालं.

“आतला प्रकाश!” तेजोगुरू म्हणाले. “या माणसानं आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही.”

अध्यक्षांनी मान खाली घातली. आदल्याच आठवड्यात त्यांनी वॉचमनला शिव्यांची लाखोली वाहिली होती, ती त्यांनाही आठवली असावी. पण आठ पट्ट्या म्हटल्यावर तेही म्हणाले असतील, की बाबा, आपणच स्वतःला नीट ओळखलं नव्हतं.

कुणी म्हणेल, एवढ्या माणसांत शंका घेणारा एकही नव्हता का? होता ना. तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरने पहिल्याच बैठकीनंतर यंत्र जिन्याखालच्या अंधारात नेऊन तपासलं होतं. मोबाइलचा टॉर्च मारला, टेबललॅम्प लावला, एक भलामोठा लाइटसुद्धा आणला. पट्टी हलली नाही. मग त्यानं जाहीर केलं, “उजेड मोजणारं साधं यंत्र असतं, तर टॉर्चला दाद दिली असती. हे काहीतरी वेगळं आहे. विज्ञानाच्या पलीकडचं.” तेव्हापासून तेजोगुरू प्रत्येक बैठकीत, “तुमच्या इंजिनिअरसाहेबांनाच विचारा,” म्हणत आणि इंजिनिअरसाहेब गंभीरपणे मान डोलावत. ज्यानं चोर पकडायचा, तोच चोराला जामीन राहिला.

“आता आमच्या हसऱ्या ताई,” तेजोगुरू म्हणाले. “या, या. चेष्टा करणाऱ्याचाही प्रकाश पाहावा.”

भाची उठली. ती घाबरणाऱ्यांतली नाही. तेजोगुरूंनी या वेळी रुमाल काढला नाही. उजव्या हाताचं एक बोट यंत्राच्या कपाळावर टेकवलं, डोळे मिटले, “नेत्र उघड, खरं दाखव” असं म्हणून पेटी तिच्या हातात दिली.

काही नाही. सूर्य दिसत होता, पण पट्ट्या आठही रिकाम्या. तिनं पेटी वर धरली, खाली धरली, उन्हात अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एकही पट्टी उजळली नाही.

अंगण गप्प झालं. आमच्या इमारतीत एवढी शांतता मी वीज गेल्यावरसुद्धा ऐकली नव्हती.

तेजोगुरूंनी पेटी परत घेतली आणि अगदी मायेनं म्हणाले, “ताईंचा दोष नाही. एखाद्या घरात ऊन येतच नाही, तसं असतं हे. फक्त एवढंच, की लहान बाळांजवळ असा अंधार बरा नव्हे.”

आणि इथेच खरा घाव बसला. कारण माझी भाची पाळणाघर चालवते.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या, अंगणात उघडणारा दरवाजा, भिंतीला लागून पाळणे, आणि दिवसभर रडणं, हसणं, सांडणं, पुसणं. खोल्या इमारतीच्या मालकीच्या. कुणाला द्यायच्या ते बैठकीत ठरतं. माझी बहीण गेल्यावर भाचीनं हे काम एकटीनं उभं केलं. मी वरच्या मजल्यावर राहतो आणि दोन्ही वेळा तिच्याकडे जेवतो. बदल्यात मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. मुलं पुस्तकाची पानं खातात, तेव्हा वाचन फार पुढे जात नाही.

सोमवारी चार मुलं आली नाहीत. एकाला सर्दी होती, एकीची आजी आली होती, दोघांचं काही कारणच नव्हतं. मंगळवारी आणखी काहींना सर्दी झाली. अध्यक्षीणबाईंचा नातू गोटू, जो पाळणाघरात आला नाही तर घरचे लोक वेडे होतात, तोही आला नाही. वरून त्याच्या किंचाळ्या ऐकू येत होत्या. संध्याकाळी सूचनाफलकावर चिठ्ठी लागली: येत्या रविवारच्या बैठकीत तळमजल्यावरच्या खोल्या ‘तेजसाधना केंद्रा’ला देण्याचा विचार होईल.

“बघ, काय मधाचं बोट लावलं त्यानं सगळ्यांना,” मी भाचीला म्हणालो.

“मामा, मी काय करू? नऊ वर्षं या लोकांची पोरं माझ्या कडेवर वाढली. गोटूनं पहिलं पाऊल माझ्याकडे टाकलं. आणि आता एका डबीवर पट्ट्या आल्या नाहीत म्हणून मी अंधार?”

माझ्याकडे बोलण्यासारखं होतं, पण मला खात्री नव्हती. मला कशाचीच खात्री नसते.

गोष्ट अशी, की तो चिमुकला सूर्य आणि त्या आठ पट्ट्या मी आधी पाहिल्या होत्या. प्रत्यक्षात नव्हे, छापील. मी आयुष्यभर एका मुलांच्या मासिकात मुद्रितशोधक होतो. त्यात व्हिडिओ गेमच्या गमती सांगणारं एक पान असे. ती पानं तपासता तपासता मला त्या जुन्या, हातात धरून खेळायच्या गेमयंत्रांचा नाद लागला. खेळायचा नव्हे, बोटं चालत नाहीत माझी. वाचायचा. कोणत्या गेमच्या कॅसेटमध्ये थरथरणारी मोटर होती, कोणती कॅसेट तिरकी केली की पडद्यावरची गोटी घरंगळत जाई, कोणत्या कॅसेटला बुबुळासारखा कॅमेरा होता आणि त्याचे फोटो छापायला औषधाच्या दुकानातल्या पावतीसारखा कागद लागे. अशी निरुपयोगी माहिती माझ्याकडे कपाटभर आहे. घरी आलेल्या माणसाला मी ती सांगू लागलो, की त्याला दूध आणायचं आठवतं.

रात्रीचं जेवण उरकण्याआधीच मी वर कपाटाशी गेलो, ते पान सापडलं आणि ते घेऊन मी भाचीकडे खाली आलो. एक गेम होता, अंधारातल्या भुतांची शिकार करणारा. नायकाची बंदूक चालायला खरं ऊन लागे. खेळणाऱ्यानं अंगणात जायचं, कॅसेटच्या माथ्यावरच्या बारीक खिडकीवर ऊन पडलं, की पडद्यावरच्या पट्ट्या भरत. आणि घरात बसून बल्बखाली कुणी फसवू नये, म्हणून ती खिडकी दिव्याच्या साध्या उजेडाला दाद देत नसे; उन्हातले जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, तेवढेच ती मोजत असे.

म्हणजे इंजिनिअरचा टॉर्च फुकट गेला होता.

“मग मामा, हे खेळणं आहे!” भाची म्हणाली.

“असावं,” मी म्हणालो. “म्हणजे बहुतेक. पेटी पितळेची आहे, आत काय आहे ते मी पाहिलेलं नाही. आणि ही कॅसेट मी कधी हातात धरलेली नाही.”

“तुम्ही देवाला नमस्कार करतानासुद्धा ‘बहुतेक’ म्हणत असाल.”

“पण पट्ट्या अध्यक्षांच्या हातात भरतात आणि तुझ्या हातात नाही, हे कसं?” मी म्हणालो.

त्यावर मी डोकं चालवलं आणि मला वाटलं, उत्तर सोपं आहे. पेटी देताना तो नावडत्या माणसाला ती अशी धरायला लावत असणार, की त्याचा अंगठा खिडकीवर यावा. बुधवारी तेजोगुरूंची बैठक होती. मी रात्रभर वाक्यं जुळवली आणि बैठकीत उभा राहिलो. चाळीस माणसांसमोर मी उभा राहिल्याची आमच्या इमारतीच्या इतिहासात नोंद नाही.

“माझं असं... म्हणजे मला वाटतं, की या यंत्राच्या वर एक खिडकी आहे. तिच्यावर अंगठा आला, तर...”

“अंगठा!” तेजोगुरू आनंदानं म्हणाले. “काका, फार चांगला प्रश्न. या तुम्हीच.” त्यांनी एक बोट कपाळावर टेकवलं, ‘नेत्र उघड’ म्हणाले आणि पेटी माझ्यापुढे धरली. “खालून दोन बोटांनी धरा. अंगठा दूर. सगळ्यांनी पाहा, अंगठा कुठे आहे?”

“खाली!” अंगण ओरडलं.

“आणि पट्ट्या?”

“एकही नाही!”

“काका शंकेखोर आहेत,” तेजोगुरू म्हणाले. “शंका म्हणजे मनावरची काजळी. पुस्तकं वाचून वाचून जमते.”

लोक इतके हसले, की खिडकीतल्या एकाचा चष्मा खाली पडला. अध्यक्ष म्हणाले, “बसा काका, बसा.” मी बसलो. खुर्ची तिथे नव्हती, पायरीवर बसलो.

पाळणाघरात आलो तेव्हा भाची एका बाळाला चमच्यानं भात भरवत होती. त्या दिवशी तेवढं एकच आलं होतं.

“ऐकलं मी. सगळं ऐकू आलं,” ती म्हणाली. “पण मामा, तुम्ही उठलात ना. ते बरं झालं.”

“काय बरं झालं? उलट त्याचं पारडं आणखी जड केलं मी. माझ्या कपाटातली माहिती कपाटातच बरी होती.”

तिनं बाळाच्या हनुवटीवरचा भात पुसला आणि हात मध्येच थांबला. “मामा, एक सांगू? हसायचं नाही. पेटी माझ्या हातात आली तेव्हा मला एक वास आला. ओळखीचा. तेव्हापासून आठवतेय, कशाचा. तुम्हाला आला?”

मला सर्दी नसतानाही वास येत नाही, हे तिला ठाऊक आहे.

तिनं कपाटावरून एक ट्यूब काढली आणि झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरली. उन्हाचं मलम. पाण्यासारखं स्वच्छ, लावल्यावर दिसतही नाही. पाळणाघराचा नियम आहे: मलम लावल्याशिवाय मूल अंगणात जाणार नाही. मागे एका मुलीची त्वचा उन्हानं लाल झाली होती, तेव्हा तिच्या आईनं, ती नर्स आहे, हे मलम सुचवलं. भाची रोज डझनभर गालांना, नाकांना, मुठींना ते चोपडते. ज्या बाईच्या हातांनी हे इतक्या वेळा लावलं, तिचं नाक त्या वासाला कसं चुकणार?

“हाच,” ती म्हणाली. “त्याच्या बोटाला हा वास होता. आणि थांबा, माझ्या हातांचा नसणार तो. रविवार होता, मुलं नव्हती, मी मलमाला हातच लावला नव्हता.”

मी ट्यूब हातात घेतली. मग ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचू लागलो. छापील मजकूर दिसला की मी वाचतोच. उन्हातले न दिसणारे किरण त्वचेपर्यंत पोहोचू न देणारं, असं लिहिलं होतं.

“अगं,” मी म्हणालो, “ती खिडकी ज्यांची वाट बघते, तेच हे मलम अडवतं! अंगठ्याची गरजच नाही. डोळ्याला काच स्वच्छ दिसते आणि यंत्र आंधळं होतं. बोट टेकवलं की आंधळं, रुमालानं पुसलं की डोळस!”

“म्हणून अध्यक्षांना रुमाल आणि मला बोट.”

“बहुतेक,” मी म्हणालो.

“मामा!”

“नाही, पण ऐक. मघाशी मी असाच खात्रीनं उठलो होतो. या वेळी आपण आधी सांगायचं, मग बघायचं. आपण म्हणतो ते खरं असेल, तर मलम लागलेला कोणताही हात यंत्राच्या कपाळाला लागला, की पट्ट्या जायला हव्यात. मग तो हात कितीही पुण्यवान असो. आणि नीट पुसल्यावर तुझ्या हातात त्या यायला हव्यात. यातलं एकही झालं नाही, तर आपण चूक.”

भाची विचार करू लागली. मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते ती सहा वर्षांची असताना माझ्या चपला टाकीत टाकून आली होती, तेव्हा पाहिलं होतं.

“कितीही पुण्यवान हात,” ती म्हणाली. “आमच्याकडे तसेच येतात, मामा.”

रविवारी तिनं बैठकीच्या सुरुवातीलाच हात वर केला. “खोल्या जायच्या तर जाऊ देत. फक्त माझी एक विनंती. इतकी वर्षं ही मुलं माझ्या अंधारात वाढली. त्यांचा प्रकाश शाबूत आहे का, ते गुरुजींनी एकदा बघावं. आईबापांना काळजी असणारच.”

ही काळजी कुणालाच नव्हती. पण तिनं म्हटल्याबरोबर सगळ्यांना लागली. माणसं धावत घरी जाऊन मुलं घेऊन आली. तेजोगुरूंचा चेहरा उजळला. कडेवरची बाळं, भरलेल्या पट्ट्या, गहिवरलेल्या आया! असा सोहळा त्यांना स्वतःला सुचला नव्हता.

अंगणाच्या दारात भाची ट्यूब घेऊन उभी होती. “नियम तो नियम. मलम लावल्याशिवाय मूल उन्हात नाही.”

“आजच्या दिवशी तरी राहू दे गं,” अध्यक्षीणबाई कुरकुरल्या.

“आजच ऊन जास्त आहे.” आणि गोटूचे गाल, नाक आणि दोन्ही मुठी चकचकीत झाल्या.

गोटू पहिला. तेजोगुरूंनी रुमालानं कपाळ पुसलं, पाठ केलेलं पुटपुटले आणि पेटी पुढे केली. पट्ट्या भरभर चढल्या, सहा, सात, आठ. अंगण ‘आहा’ म्हणायला तोंड उघडतंय, तेवढ्यात गोटूनं चमकणारी पेटी दोन्ही हातांनी पकडली आणि सवयीप्रमाणे तिचं टोक हिरड्यांत धरायला ओढलं. मलमाची मूठ कपाळावरून मजेत फिरली.

पट्ट्या गेल्या. आठही.

“हे काय?” अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

“पूर्वसंचित,” तेजोगुरू घाईनं म्हणाले. “मागच्या जन्मीचं काहीतरी...”

“माझ्या नातवाचं? अहो, त्याला अजून धड दात नाहीत, पाप कशानं खाल्लं असेल त्यानं?”

तेजोगुरूंनी रुमाल काढून पेटी खसाखसा पुसली. पट्ट्या परत आल्या. “पाहा! दोष धुतला गेला!”

“रुमालानं?” भाचीनं भाबडेपणानं विचारलं. “मग माझा का नाही धुतलात?”

पायऱ्यांवर चुळबुळ झाली. पण तेजोगुरूंचा धंदा जिभेवर चालत होता. त्यांनी लगेच नर्सबाईंच्या मुलीला पुढे बोलावलं. ती दीड वर्षाची, शहाणी, काही तोंडात न घालणारी. तिनं फक्त यंत्राच्या कपाळावर थोपटलं, भाची तिला थोपटते तसं. पट्ट्या गेल्या. पुसलं, आल्या. जुळ्यांतल्या एकानं बोट लावलं, गेल्या. दुसऱ्याला भावाची नक्कल केल्याशिवाय राहवत नाही. त्यानं पुसायचीसुद्धा वाट पाहिली नाही. तेजोगुरूंचा रुमाल आता इतका तेलकट झाला होता, की तो पुसत होता की माखत होता, कळेना. शेवटी तेजोगुरूंच्या स्वतःच्याच हातात, भर उन्हात, आठही पट्ट्या रिकाम्या राहिल्या.

“आता गुरुजीही अंधारात,” खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

हसू फुटलं, पण अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. त्यांच्या नातवाला सगळ्यांसमोर पापी ठरवलं होतं. त्या तरातरा पुढे गेल्या. “हा प्रकार काय आहे?”

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. आता बोलणं माझं होतं. मी बसूनच बोललो; बसून मला जरा बरं बोलता येतं.

“बाईसाहेब, मी मागे चुकलो होतो. अंगठा नव्हे. मलम.” मी ट्यूब दाखवली, पेटीतल्या खिडकीचं सांगितलं, न दिसणाऱ्या किरणांचं सांगितलं. “पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझं चुकत असेल. भाचीचे हात साबणानं धुवा, पेटीचं कपाळ ओल्या फडक्यानं तुम्ही स्वतः पुसा. पट्ट्या आल्या नाहीत, तर आम्ही आजच खोल्या सोडतो.”

भाचीनं नळावर हात धुतले. अध्यक्षीणबाईंनी कोपरापर्यंत धुवायला लावले. मग त्यांनी पेटी तेजोगुरूंच्या हातातून ओढून घेतली, पदराआड धरून ओल्या फडक्यानं पुसली, कोरड्यानं पुसली आणि भाचीच्या हातात ठेवली.

त्या क्षणी माझा माझ्या कपाटातल्या एकाही कागदावर विश्वास नव्हता.

एक पट्टी. दोन. तीन. भाचीनं पेटी उन्हाकडे कलती केली. आठ.

ती रडली नाही; तिची हनुवटी तेवढी हलली. नर्सबाई पुढे आल्या, तेजोगुरूंचं उजवं बोट धरून नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, “मीच सुचवलेलं मलम! निदान कंपनी तरी वेगळी वापरायचीत.”

“हे पाहा, मी तुमची परीक्षा घेत होतो,” तेजोगुरू म्हणाले. “तुमची श्रद्धा डोळस आहे का, ते पाहायचं होतं. पास झालात सगळे!” आणि पेटीकडे हात नेला. पण पेटी इंजिनिअरनं घेतली होती. तो स्वतःच्या हातानं मलम लावून पट्ट्या घालवत होता आणि पुसून आणत होता, पुन्हा पुन्हा, एखाद्या लहान मुलासारखा. मग त्यानं खिशातल्या पेचकसानं पितळी झाकण उघडलं. आत करड्या रंगाचं, घासून गुळगुळीत झालेलं गेमयंत्र होतं, बटणांवर चिकटपट्टी लावलेलं. पट्टी सोलून त्यानं एक बटण दाबलं. टुणटुण असं संगीत वाजलं आणि पडद्यावर टोपी घातलेला एक छोटा शिकारी उड्या मारू लागला. आमच्या इमारतीनं तीन आठवडे ज्याच्यापुढे हात जोडले होते, तो हा.

“पण काका, मी टॉर्च मारला होता ना,” इंजिनिअर पडलेल्या आवाजात म्हणाला.

“मारलात. आणि मी अंगठा शोधला. दोघांनी अर्धवटच पाहिलं.”

या गडबडीत तेजोगुरू कधी गेले ते कुणाला कळलं नाही. रुमाल मात्र खुर्चीवर राहिला होता. तो अध्यक्षीणबाईंनी चिमट्यानं उचलून कचऱ्यात टाकला. मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. “खोल्यांचा विषय घ्यायचा आहे ना? घ्या की.”

अध्यक्ष म्हणाले, “कोणता विषय?”

मी इथे थांबलो असतो. पण वाचणाऱ्याला वाटेल, काकांनी फुशारकीसाठी लिहिलं. तसं नाही. मला तेजोगुरूंचा फारसा राग नाही. फसवणारा माणूस आपलं काम मन लावून करतो. मला भीती वाटते ती आपल्या घाईची. आठ पट्ट्या भरलेल्या पाहून आपण एका रागीट माणसाला संत केलं, आणि रिकाम्या पाहून, जिच्या कडेवर आपली मुलं वाढली, तिला अंधार ठरवलं. दोन्ही वेळा यंत्र कुणी पुसलं, कुणी माखलं, हे विचारायचं आपल्याला सुचलं नाही. मलाही लगेच सुचलं नव्हतं. सुचलं, तर ते एका बाईच्या नाकामुळे.

तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. चमत्कार दाखवणाऱ्याच्या हातातून वस्तू स्वतःच्या हातात घ्या. एकदा तपासून उत्तर मिळालं, तर दुसऱ्या तऱ्हेनं तपासा. काय घडेल ते आधी सांगा, आणि ते घडलं नाही तर आपण चुकलो असं म्हणायची तयारी ठेवा. चुकल्यानं कुणी मरत नाही, मी रोज चुकतो. आणि एखादी डबी तुमच्या ओळखीच्या माणसाविरुद्ध साक्ष देऊ लागली, तर आधी त्या माणसासोबतची तुमची वर्षं आठवा, मग ओलं फडकं आणा.

सोमवारी सकाळी सगळ्यांची सर्दी बरी झाली होती. पाळणाघरात इतका गोंगाट होता, की मला गोष्ट वाचताच आली नाही.